बिडी लाफी, धर्ममाता

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर जुन्या नोंदींची खोली आहे. मंगळवारी सकाळी तिथं साठीपुढची मंडळी जमतात आणि आपापले पूर्वज शोधत बसतात. मनातून प्रत्येकाला एखादा कैदी हवा असतो. पणजोबांच्या काळी घराण्यात कैदी निघाला तर कुणी त्याचं नाव काढत नसे. आता आयर्लंडमध्ये मेंढी चोरली म्हणून जहाजावर चढवून इकडे शिक्षेला पाठवलेला एखादा पूर्वज सापडला, की माणूस महिनाभर मान ताठ करून फिरतो.

ब्रेंडन क्विल्टीला कैदी मिळाला नाही. तो निवृत्त सर्व्हेअर. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. त्याच्या वाट्याला आले ते टिपरेरीहून आलेले, बटाटे पिकवणारे, गुन्हा करण्याइतकीही कल्पनाशक्ती नसलेले क्विल्टी. पण त्याला घाई होती. येत्या रविवारी त्याच्या नातीचा, चार महिन्यांच्या मेझीचा, बाप्तिस्मा होता आणि भेट म्हणून तो वंशवृक्ष करून देणार होता.

"काय रे, सापडला का चोर?" ग्रंथपाल ग्लेनिसनं विचारलं. तिच्याकडे दोन कैदी होते, त्यामुळे तिला असं विचारणं परवडत होतं.

"चोर नाही. एक बाई सापडतेय. सारखी."

चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढे धर्ममातेचं नाव लिहितात. पोराला हातात धरायचं, त्याच्या वतीनं उत्तरं द्यायची, हे तिचं काम. १८५८ साली एका क्विल्टी बाळाची धर्ममाता होती बिडी लाफी. १८८३ साली दुसऱ्या बाळाची, बिडी लाफी. १९११ साली, बिडी लाफी.

"एकाच नावाच्या तिघी असतील," ग्लेनिस म्हणाली. "तेव्हा आयरिश बायकांना नावं तरी किती होती?"

हे ब्रेंडनलाही पटलं. म्हणून त्यानं लाफी बाईंचा माग काढला. लग्न नाही. मृत्यू नाही. घराचा पत्ता नाही, मतदार यादीत नाव नाही, जहाजाच्या यादीतही नाही. बाई फक्त बाप्तिस्म्याच्या दिवशी हजर असायची.

मग त्यानं त्या तीन बाळांच्या मृत्यूच्या नोंदी काढल्या. आठ महिने. अकरा महिने. दहा महिने. त्यांची बाकीची भावंडं म्हातारी होऊन, नातेवाइकांना पुरेसा ताप देऊन मगच गेली होती.

बिडी लाफीची चौथी नोंद १९५७ची. बाळाचं नाव उना क्विल्टी. ही ब्रेंडनची थोरली बहीण, तो जन्मण्याआधीच, वर्षाची व्हायच्या आत गेलेली. घरात तिचा एकच फोटो होता आणि त्यावर कुणी बोलत नसे.

त्यानं कार्मेल मावशीला फोन लावला. मावशी एक्क्याण्णव वर्षांची, कान अधू, पण आठवण धारदार.

"मावशी, उनाची धर्ममाता तूच होतीस ना?"

"व्हायची होते रे. गाडी चुकली माझी. पोचले तर सगळे केक खात बसलेले."

"मग उभं कोण राहिलं?"

"कोणी म्हातारी होती म्हणे. तुझी आई म्हणायची तुझ्या बापाकडची, बाप म्हणायचा आईकडची. कित्येक महिने भांडले त्यावर. उना गेल्यावर नाही भांडले."

ब्रेंडननं चष्मा पुसला. चार नोंदींवरून अनुमान काढणाऱ्याला त्यानं नोकरीवरून काढलं असतं. तरी त्यानं मुलीला, टेसला, फोन केलाच.

"धर्ममाता कोण आहे गं?"

"बाबा, तीनदा सांगितलंय. माझी नणंद, अँगसची बहीण. रोवीना. पर्थहून येतेय."

"नक्की येतेय ना?"

"तिकीट काढलंय तिनं. पोहत नाही येत आहे."

शनिवारी तो स्वतः मेलबर्नच्या विमानतळावर गेला, रोवीनाला घेऊन आला आणि तिला आपल्याच घरी झोपवलं. रविवारी पाऊण तास आधीच तिला चर्चच्या दारात उतरवलं. एवढं केल्यावर त्याला आपलंच हसू आलं. गाडी लावायला जागा शोधायला म्हणून तो पुढे गेला. पलीकडच्या मैदानावर फुटबॉलचा सामना होता. जागा मिळायला अर्धा तास गेला. परत चालत येताना मात्र पावलं आपोआप झपझप पडायला लागली.

आत सगळे उभे होते. मेझीच्या कपाळावरचे केस ओले होते.

"झालंसुद्धा?"

"फादरना बाराला दुसरीकडे जायचं होतं, म्हणून लवकरच सुरू केलं," टेस कुजबुजली. "आणि एक घोळ झाला, बाबा. रोवीना प्रेस्बिटेरियन आहे. तिला फक्त साक्षीदार होता येतं. धर्ममाता कॅथलिकच लागते. अँगसनं फॉर्मवरचा धर्ममातेच्या पंथाचा रकाना कोराच सोडला होता."

"मला वाटलं तो रकाना ऐच्छिक असतो," अँगस म्हणाला.

हे ब्रेंडनच्या डोक्यातच आलं नव्हतं. दीडशे वर्षांत क्विल्टींकडे कॅथलिक नसलेला जावई आला नव्हता.

"मला हाक मारायची!"

"गरज नाही पडली," अँगस म्हणाला. "पुढच्या बाकावर तुमच्याकडच्या एक आजी होत्या. आपण होऊन उठल्या."

"माझ्याकडच्या?"

"त्याच म्हणाल्या. मेझी केवढी रडत होती, त्यांनी घेतल्याबरोबर चूप. हात गार होते, पण किती सांभाळून धरलं."

ब्रेंडननं चर्चभर पाहिलं. पुढचा बाक रिकामा होता. फादर वही मिटत होते. त्यांनी ती त्याच्याकडे वळवली. शाई अजून ओली होती.

"सही येत नाही म्हणाल्या," फादर म्हणाले. "चष्मा विसरल्या असतील. नाव मीच लिहिलं."

त्यानं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"टेस, त्या गेल्या कुठं?"

"घाईत होत्या. पण येते म्हणाल्या, घरी, एकदा. मेझीचा पहिला वाढदिवस यायच्या आत." टेसनं बाळाला पोटाशी धरलं. "मी म्हटलं, कधीही या. आम्ही नसलो तर चावी दारापाशीच कुंडीखाली असते."