शेवटच्या प्रसंगातली जागा

“तुझा एक पैसाही या सिनेमात लागणार नाही, ताई! मेलो तरी नाही!” असं म्हणून धाकटा भाऊ भरल्या ताटावरून उठला, आणि वाढायला उचललेली पळी तशीच हातात धरून ताई त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली…

लोकांचा पैसा चालतो, फक्त माझा चालत नाही! याच विचाराने तिच्या अंतःकरणात कळ उठली. कारण भाऊ साऱ्या जगाकडून पैसे घेत होता. मोठ्या निर्मात्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं. एकाला शेवट गोड हवा होता, दुसऱ्याला नायिका तरुण हवी होती, आणि टीव्ही चॅनेलवाल्यांनी तर ‘आधी पुरा करून आणा, मग बघू’ म्हणत गोड बोलून कटवलं होतं. मग या पठ्ठ्याने गल्लीतला न्हावी, बसचा ड्रायव्हर, शाळेतल्या बाई, जो भेटेल त्याच्यापुढे झोळी पसरली आणि मोबदल्यात प्रत्येकाला एकच वचन दिलं. सिनेमाच्या शेवटी एका म्हाताऱ्या नर्सला निरोप द्यायला सारा गाव बसथांब्यावर जमतो. त्या गर्दीत पैसे देणारा प्रत्येक जण उभा राहील, आणि सर्वांत जास्त देईल त्याच्या तोंडी एक वाक्य! लोकही असे हौशी, की न्हाव्याने आपल्याच आरशासमोर रडायचा सराव सुरू केला होता.

त्या गर्दीत जागा नव्हती ती एकट्या ताईला. तेही प्रेमापोटीच, हे का तिला कळत नव्हतं? फार वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी सिनेमा काढला होता आणि त्यात घरदार बुडालं होतं. ताईच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसेही त्यातच गेले, आणि पुस्तकं माळ्यावर टाकून ती शिलाई मशीनवर बसली ती बसलीच. त्याच मशीनवर तिने भावाला वाढवलं, शिकवलं, पुढे चौकात स्वतःचं दुकान घेतलं. त्या दुकानावर तिचा फार जीव होता… पण भावावर त्याहून जास्त होता, त्याला ती तरी काय करणार!

अर्धा सिनेमा झाला आणि पैसे संपले. भाऊ दाढी वाढवून खिडकीशी बसून राहू लागला. ते उतरलेलं तोंड ताईला बघवेना. तिने गुपचूप दुकान विकलं, ‘हल्ली पाठ धरते, दुकान झेपत नाही, म्हणून भाड्याने दिलंय’ अशी थाप मारून दुसऱ्याच्या दुकानात काज-बटणं करायला जाऊ लागली, आणि आलेला सारा पैसा शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या हवाली केला.

“तुमचे म्हणून द्या. माझं नाव काढलंत तर माझी शपथ आहे तुम्हाला!”

डॉक्टरांना घाम फुटला. माणूस इतका पापभीरू, की ‘दुखणार नाही’ एवढं म्हणतानाही त्यांची जीभ अडखळायची. आणि ताईने खोटं बोलायला निवडलं ते नेमकं त्यांना! सर्वांत मोठी रक्कम त्यांची ठरणार, म्हणजे ते वाक्यही त्यांच्याच गळ्यात पडणार, हे तर तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शेवटच्या प्रसंगाचा दिवस उजाडला. बसथांब्यावर सारे देणगीदार इस्त्रीचे कपडे घालून हजर झाले. ताई कपड्यांचं गाठोडं काखेत मारून याची कॉलर, त्याची बाही नीट करत गर्दीबाहेरच फिरत होती. बसच्या खिडकीत नर्स झालेली नटी बसली, खाली डॉक्टर उभे राहिले. त्यांनी म्हणायचं होतं, ‘जा सुखाने, पण पोचल्यावर कळव.’

“पोच सुखाने, पण गेल्यावर कळव!” डॉक्टर म्हणाले.

गर्दी फिस्सकन हसली. दुसऱ्यांदा त्यांनी नटीकडे बघितलं आणि सवयीने म्हणाले, “तोंड उघडा!” तिसऱ्यांदा मात्र ते खिडकीपासून दोन पावलं मागे सरले. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले…

“माझ्याने नाही व्हायचं रे! ही जागा माझी नाहीच. पैसे तुझ्या ताईचे आहेत… दुकान विकलं तिने!”

भावाचा चेहरा पांढराफटक पडला.

“कॅमेरा बंद करा,” तो कसाबसा म्हणाला. “काम थांबवा. ताई, हे काय करून बसलीस? तुझा पैसा लावणार नाही, असं वचन दिलं होतं ना मी तुला!”

“तू दिलंस. मी मागितलं होतं?”

“बाबांनी तुझं सगळं घेतलं! मला बाबांसारखं व्हायचं नव्हतं गं…”

ताईने गाठोडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत ती याविषयी एक अक्षर बोलली नव्हती, पण आज तिच्याने राहवेना.

“बाबांनी मला विचारलंच नव्हतं, वेड्या! ते माझ्याकडून गेलं. मी दिलं नव्हतं. या वेळी मी माझ्या हाताने दिलंय, हसत दिलंय. तेव्हा माझा हक्क बाबांनी घेतला आणि आता तू घेतोस… देण्याचा हक्क तरी राहू दे की माझ्याकडे!”

“आणि बुडालं तर?”

“अहो, आमचं बुडालं तर चालेल वाटतं?” गर्दीतून न्हावी ओरडला, आणि रडता रडता सगळ्यांना हसू फुटलं.

भाऊ हसला नाही. पुढे होऊन त्याने ताईचे दोन्ही हात धरले, सुया टोचून टोचून खरखरीत झालेली तिची बोटं आपल्या डोळ्यांना लावली, आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. मग तिला हाताला धरून त्याने बसच्या खिडकीखाली, डॉक्टरांच्या जागेवर नेऊन उभं केलं. डॉक्टर तर सुटकेच्या आनंदाने टाळ्याच वाजवू लागले.

“अरे, मला नाही येत हे!” ताई घाबरून म्हणाली.

“येतं. खिडकीकडे बघ आणि म्हण.”

कॅमेरा सुरू झाला. ताईने खिडकीकडे बघितलं, पण तिची नजर तिथे ठरेना. कॅमेऱ्याशेजारी तिचा भाऊ उभा होता, डोळे लाल झालेला, दाढी वाढलेला… ती त्याच्याकडेच वळली.

“जा सुखाने,” ती म्हणाली, “पण पोचल्यावर कळव.”

नटी उत्तर देणार, तोच कॅमेऱ्यामागून रडवेला आवाज आला, “कळवतो गं, ताई!”

ध्वनिमुद्रकाने कपाळाला हात लावला. ‘कट’ म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. ड्रायव्हरला वाटलं, हीच आपली खूण. त्याने बस सोडली, आणि सारी गर्दी हात हलवत तिच्यामागे चालू लागली. ताई तेवढी जागच्या जागी उभी राहिली.

“दुसरा टेक घ्यावा लागेल,” कॅमेरामन हळूच म्हणाला. “ताईंनी चुकीच्या बाजूला बघितलं. वर तुमचा आवाज आलाय.”

“नाही,” भाऊ म्हणाला. “हाच राहू दे.”