तोपेचं तोंड

फौजेतून सुटून आलेला माणूस पहिले काही महिने गावाला फार आवडतो. मग तो रिकामा आहे हे गावाच्या लक्षात येतं. तिथून पुढे त्याला झेंड्याची दोरी ओढायला, लग्नात वाढप्यांवर नजर ठेवायला आणि भावाभावांच्या भांडणात मध्ये उभं राहायला बोलावतात. मी तोपखान्यातून हवालदार म्हणून सुटलो. घरी आल्यावर काहीतरी काम हवं म्हणून स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे रांगेत लावले. त्या दिवशी पाहुण्यांनी मिठाची खीर खाल्ली आणि माझी बायको कमल एवढंच म्हणाली, "सैपाकघरमा परेड नका करू. तुम्ही बाहेर बसा, दारमा."

तेव्हापासून मी दारात बसतो. आमचं घर बोरटेक गावाच्या उगवतीच्या टोकाला आहे. सारंगखेड्याहून तापीच्या काठानं आलं की गाव लागतं. मधोमध चौक, तिथे ग्रामपंचायत, दूध डेअरी, पानटपरी आणि एक गोल ओटा. ओटा कारंज्यासाठी बांधला होता. कारंजं कधी उडालं नाही, तेव्हा सरपंच चुनीलाल नाना कुठंतरी चौकात ठेवलेला रणगाडा बघून आले आणि त्यांच्या डोक्यात तोप शिरली.

नानांनी डोक्यात घेतलं की होतं. पंधरा ऑगस्टच्या आधी उसाच्या ट्रॉलीतून तोप आली. एकशेपाच मिलिमीटरची. मी ज्या जातीच्या तोपेवर उमेदीची वर्षं काढली तीच जात. ती हीच होती का, ते मला सांगता येणार नाही. रंगाचे इतके थर होते की नंबर वाचता येत नव्हता. तोंडात लोखंडी बूच, मागचा दरवाजा वेल्डिंगनं बंद. पेन्शनर, माझ्यासारखीच. चाकं ओट्यावर सिमेंटमध्ये बसवली आणि तोंड फाट्याच्या रस्त्याकडे केलं.

उद्घाटनाला नानांनी नळीवर नारळ आपटला. नारळ फुटला नाही, नानांचं नख फुटलं. बँडवाल्यांना लग्नाचीच गाणी येत होती, त्यांनी नवरीच्या पाठवणीचं वाजवलं, आणि दोन-तीन बाया खरंच रडल्या. सगळे पेढे खायला वळल्यावर धनुबाई पुढे आली. तिनं तोपेच्या पत्र्यावरून हात फिरवला, बैलाच्या मानेवरून फिरवतात तसा.

"थंडीगार शे रे, नवल," ती मला म्हणाली.

धनुबाई म्हणजे भिलाची आई. भिला आणि मी एकाच दिवशी भरतीत पळालो. तो पलटणीत गेला, मी तोपखान्यात. तो पुढे, मी मागे. पुढे उत्तरेकडे एका हिवाळ्यात त्याची चौकी डोंगराच्या धारेवर होती आणि आमच्या तोपा तिच्या मागच्या घळीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लोकांना वाटतं, तोपेचं तोंड दुश्मनाकडे असतं. फायर चालू असतं तेव्हा असतं. पण काम नसलेल्या तोपेचा निशाणा आपल्या चौकीच्या अगदी पुढ्यात लावून ठेवतात, जिथून आपल्या माणसावर सगळ्यात मोठं संकट येईल त्या जागी. वायरलेसवर हाक आली की निशाणा घेण्यात वेळ जाऊ नये म्हणून. आमचे उस्ताद म्हणायचे, "खाली बैठी तोप दुश्मन को नहीं देखती, बेटा. अपनों के दरवाज़े पर बैठती है."

भिला गेला त्या सकाळीही तोप तशीच लावलेली होती. माझा हात दिशा फिरवायच्या चाकावर होता. पण भिलाच्या चौकीवर दुश्मन आलाच नाही, बर्फाचा कडा आला. बर्फ हाक मारायला वेळ देत नाही. वायरलेस शेवटपर्यंत गप्प होता. कुणाची चूक नव्हती.

गावी आल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी धनुबाईच्या घरी चक्कर मारतो. ती एकटी राहते. ती आहे तोवर भिलाच्या घरात चूल पेटते, आणि ती पेटत राहावी एवढंच मला पाहिजे.

झेंडावंदनानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी डेअरीवर आरडाओरडा झाला. तोपेचं तोंड फिरलं होतं. नळी सरळ चुनीलाल नानांच्या घराकडे बघत होती.

"उखा! हाई तुन्हं काम शे!" नाना बनियनवरच धावत आले.

उखा अप्पा डेअरीचे चेअरमन आणि नानांपुढे तीन निवडणुका हरलेले. ते कॅनमागून म्हणाले, "मी काय तोप खांदावर लिसन फिरस का, नाना? मन्ही कंबर देखी का तुम्ही?"

सिमेंट फोडून, ट्रॅक्टर लावून तोप पुन्हा रस्त्याकडे केली. नवं सिमेंट ओतलं. तीन दिवसांनी ती पुन्हा नानांकडे वळलेली. मी ओट्यावर चढून बघितलं. सिमेंटला तडा नव्हता. नळीपासून पत्र्यापर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं, त्यावर दवाचे थेंब होते, आणि एकही धागा तुटलेला नव्हता. दिशा फिरवायचं हातचाक मात्र चकचकीत होतं. सगळी तोप रंगानं बुजलेली, आणि त्या चाकाच्या मुठीवर एवढासाही रंग नाही. हात लावला. कोमट होती.

मी नानांना म्हटलं, "नाना, घर जरा पाहून घ्या. छताचं धाबं, वायरिंग, काय असेल ते."

"तोप घर तपासाले सांगस का रे? तुले पेन्शन कोणी दिन्ही?"

पण भीती ती भीती. नाना पुढच्या खोलीतला पलंग सोडून गोठ्यात म्हशींजवळ झोपायला लागले. पोळ्याच्या आधीची झड लागली, आणि एका दुपारी पुढच्या खोलीचं मातीचं धाबं बसलं. नुसतं बसलं नाही, पलंगाची फळी करून बसलं. नाना गोठ्यात घोरत होते.

गावानं काय ठरवलं? तोप उडाली! कुणी आवाज ऐकला, कुणी धूर बघितला. पोलीस चौकीवरून जमादार आले, त्यांनी नळीला नाक लावून वास घेतला आणि टाचा उंचावून बुचाच्या फटीत डोळा घातला. आतून चिमणी बाहेर आली. जमादारांची टोपी गटारीत गेली. पंचनाम्यात काय लिहिलं ते त्यांनाच ठाऊक.

त्या संध्याकाळी तोप आपली आपण रस्त्याकडे बघत होती.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्याही तोंडात बूच घातलं असतं. पण रोज सकाळी दूध आणायला गेलो की आधी नळी बघायचो.

पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता. सकाळी चौकात गेलो तर नळी वळलेली. तिच्यामागे उभा राहून एक डोळा मिटला, जुनी सवय. समोर निंबाचं झाड, त्याच्या डावीकडे निळं दार.

धनुबाईचं दार.

मी दूध न घेताच तिच्याकडे गेलो. गॅसची नळी वाकवून बघितली. वायरी बघितल्या. धाब्यावर चढलो, विहिरीचा दोर ओढून बघितला, सर्पमित्राला बोलावून सरपणाचा ढीग उपसला. त्यात तिची हरवलेली चप्पल सापडली. तळोद्याहून ओळखीचा डॉक्टर आणला. त्यानं नाडी बघितली, छाती बघितली, दोन भाकरी खाल्ल्या आणि "आजी ठणठणीत" म्हणून गेला. मग मी दारात खुर्ची टाकून बसलो.

दुसऱ्या दिवशीही बसलो. तिसऱ्याही.

"नवल," धनुबाई म्हणाली, "तुले बायकोनी घरमाईन काढी दिन्हं का?"

"नही माय. सहज बसनू."

"सहज? तीन दिनपाईन? लोके म्हनी ऱ्हायनात, धनुबाईनं घर जप्त व्हयनं."

कमल डबा घेऊन आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मी दारमा बसा म्हणेल व्हती," ती म्हणाली, "आपला दारमा." तरी तिनं डब्यात माझ्या आवडीची वांग्याची भाजी आणली होती. फौजेत असताना वर्षाकाठी दोन महिने तिला मिळायचो. आता उरलेली सगळी वर्षं तिचीच, असं मीच तिला म्हटलं होतं.

तिकडे ग्रामपंचायतीत तोप परत पाठवायचा ठराव एकमतानं पास झाला. नाना आणि उखा अप्पा एका ठरावावर सही करतात, हा पहिलाच प्रसंग. मी विनवलं, "आठ दिवस थांबा. फक्त आठ दिवस."

"काबर?" नानांनी विचारलं.

मी परत निळ्या दाराशी खुर्चीवर येऊन बसलो.

दुसऱ्या सकाळी क्रेन आली. तिनं आधी ग्रामपंचायतीचा बोर्ड उचलला, मग पानटपरीचं छप्पर, मग तोप. हवेत लटकतानाही तोपेचं तोंड निळ्या दाराकडेच होतं. साखळ्या करकरल्या, ट्रक हलला, आणि ओट्यावर चाकांचे दोन खड्डे तेवढे राहिले. मी खुर्चीवर बसून ट्रकचा आवाज फाट्यापर्यंत ऐकला.

धनुबाई आत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापत होती आणि मला टोमणे मारत होती. "मन्हा भिलाबी असाच चिकट व्हता. पन तो तुन्हासारखा बसी नही ऱ्हाये. तो आपला कामले लागे, तू नुसता..."

थाप थांबली.

टोमणा अर्धा सोडायची तिची पद्धत नव्हती.

आत गेलो. ती चुलीपुढे बसलेलीच होती. पीठ हातावर तसंच. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे माझ्यावर. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

हाक मारत होती ती. हाक निघत नव्हती.

मी तिला उचललं. वजन असं नव्हतंच. जीप कुणाची होती, नंदुरबारपर्यंत कोण चालवत होतं, काही आठवत नाही. तिच्या हातावरचं पीठ माझ्या शर्टाला लागलं होतं, ते आठवतं. दवाखान्यात विचारलं, तुम्ही कधी बघितलंत? मी म्हटलं, लगेच. लगेच म्हणजे? म्हटलं, भाकर तव्यावर पडायच्या आत. डॉक्टरनं मान हलवली आणि आत गेला.

धनुबाई वाचली. उजवा हात जड राहिला. जीभ मात्र चार दिवसांत पहिल्यासारखी झाली, नर्सला तिनं दोनदा रडवलं. तेव्हा मला झोप लागली, बाकावरच.

पाचव्या दिवशी मी निघताना तिनं डाव्या हातानं माझी बाही धरली.

"नवल, तो दुसरा कोठे गया?"

"कोण दुसरा, माय?"

"तुन्हासंगे दारमा बसेल व्हता तो. तिन्ही दिन." तिनं डोळे मिटले. "काही बोलना नही बिचारा. तू एकलाच चहा पीत व्हता. त्याले दिन्हा का कधी?"

मी म्हटलं, "दिन्हा, माय." दुसरं काय म्हणणार?

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. कमललाही नाही.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मी फाट्यावर उतरलो. ऊन कोवळं होतं. डेअरीवर कॅन वाजत होते. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं, आणि ओट्याजवळून जाताना, रिकाम्या का होईना, त्याला एक सलाम ठोकावा असं वाटलं. वळलो.

ओट्यावर सावली पडली होती.

लांब, सरळ, टोकाशी जाड. तशी सावली पाडणारं तिथे काही नव्हतं. पानटपरीची, खांबाची, माझी, सगळ्यांच्या सावल्या मावळतीकडे पडल्या होत्या. ही एकटीच उलटी, सूर्याकडे तोंड करून.

उगवतीकडे.

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. एक डोळा मिटला.

समोर आमचं घर.

तोप घर दाखवते. माणूस दाखवत नाही. आणि आमच्या घरात आम्ही दोघंच.

मी पळालो नाही. पळालो असतो तर डेअरीवरच्यांनी विचारलं असतं. घरी आलो. कमल अंगणात कपडे झटकत होती. मी तिचा चेहरा बघितला, हात बघितले, श्वास बघितला.

"असं काय देखी ऱ्हायनात? माय बरी शे ना?"

"बरी शे."

"मंग?"

"काही नही. आते मी घरच शे. आपला दारमा."

ती हसली. मी खुर्ची आणली, उंबऱ्याला टेकवून ठेवली आणि बसलो. आतून स्टोव्हचा आवाज आला, आल्याचा वास आला. मी प्रत्येक आवाज ऐकत होतो. कप. बशी. बांगड्या.

कमल बाहेर आली. हातात ट्रे होता. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारी आमच्या दारातल्या मोकळ्या ओट्याकडे.

"गया का तो? आत्तेच तर बसेल व्हता आठे," ती म्हणाली.

ट्रेमध्ये तीन कप होते.