दोन हायलर, एक जिना

रविवारी सकाळी नऊ वाजता ब्रोडबेकबाई भांडायला म्हणून दुसऱ्या मजल्यावर गेल्या. वरच्या कवीचा रेडिओ रात्रभर गात होता, आणि रविवारची शांतता मोडणाऱ्याची या घरमालकीणबाई गय करत नसत. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कवी एकार्ट हायलर खुर्चीतच कलंडले होते. प्लास्टरमधला उजवा हात गळ्यातल्या झोळीत, समोर गार कॉफी, शेजारी आलुबुखाराच्या दारूची बाटली आणि उलटा पडलेला पेला.

मग बाईंनीच रविवारची शांतता मोडली.

दहाला पोलीस आले. तपास गुडरुन श्टाइम्ले यांच्याकडे होता. नेकार नदीकाठच्या या गावात जन्मलेली, पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. डॉक्टर म्हणाले, विष दारूत होतं आणि मृत्यू काल शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास झाला. प्रेताच्या झोळीत एक फोडलेलं पाकीट सापडलं. टपालाचा शिक्का पूर्वेकडच्या ग्योर्लिट्झचा, वर डाव्या हातानं खरडलेलं, ‘पहिला मजला. आज.’ श्टाइम्लेबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि कोणाला न दाखवता पर्समध्ये ठेवलं.

“बाटली कुठून आली?” त्यांनी घरमालकिणीला विचारलं.

“टपालानं, शुक्रवारी. पाठवणाऱ्याचं नाव नाही. नुसतं एकार्ट हायलर आणि पत्ता.”

“या घरात एकार्ट हायलर दोन आहेत. तुम्ही ती वरच का दिली?”

“अहो बाई, तीस वर्षं तेच करतेय! खालचे वनस्पतिशास्त्रज्ञ, वरचे कवी. दोघंही नावाजलेले, कोशात एकाखाली एक छापलेत. नावाआधी डॉक्टर असलं तर पहिला मजला, नसलं तर दुसरा. एकसष्ट साली खालच्यांना पदवी मिळाली, त्याच दिवशी मी नियम केला. तेव्हापासून एक पत्र इकडचं तिकडं झालं नाही, छातीवर हात ठेवून सांगते.”

“काल कोण आलं होतं?”

“त्यांची पुतणी. हांबुर्गची, औषधाच्या दुकानात असते. काय भांडली काकांशी! एकला दार आपटून गेली. काकांचा हात मोडलेला, झाडलोटीची पाटी त्यांच्या दारावर, म्हणजे या आठवड्यात जिना पुसायची पाळी त्यांची. जिना तरी पुसून द्यायचा! तर मला विचारते, ही पाटी कसली, इथे दवाखाना आहे का?” बाई तशाही स्थितीत हसल्या. “दोनला मी बहिणीच्या वाढदिवसाला निघाले, तेव्हा जिनाभर ओला पाचोळा. म्हटलं, आल्यावर बघते एकेकाला.”

“आणि आल्यावर?”

“सातला आले तर जिना आरशासारखा! कोपरेसुद्धा! आज वर जाताना पाहिलं, पाटीही पुढच्या दारावर गेलेली. बिचारे मरता मरता आपलं काम करून गेले.”

श्टाइम्लेबाई खाली उतरल्या. पाटी पहिल्या मजल्यावर, डॉक्टर हायलरांच्या दाराला टांगलेली होती.

ते डॉक्टर बाराला परतले. उंच, वाकलेले, हातात छोटी बॅग. बातमी ऐकून ते जिन्यातच बसले.

“ती बाटली माझ्यासाठी होती,” ते हळूच म्हणाले. “बाहेरच्या माणसाला कुठला एकार्ट कुठे राहतो ते काय माहीत?”

“तुमच्या जिवावर कोण उठेल?”

“संशोधनात शत्रू कमी नसतात, बाई.”

“काल तुम्ही कुठे होतात?”

“श्टुटगार्टला. दुपारपर्यंत संग्रहालयात, मग गावात भटकलो. मुक्काम हॉटेलात. इथे शुक्रवारी रात्रीनंतर आत्ताच पाय ठेवतोय.”

संध्याकाळी वरिष्ठांनी पुतणीला, मेश्टहिल्डला, धरलं. औषधाचं दुकान, भांडण, वारसा, आणि दुपारभर नदीकाठी एकटी बसल्याची गोष्ट. यापेक्षा सोपं काय हवं? पोरगी रडून रडून सुजली होती.

“भांडण कशावरून?” श्टाइम्लेबाईंनी विचारलं.

“एका पत्रावरून. ते दुसऱ्याचं होतं. म्हटलं, काका, आत्ताच्या आत्ता खाली नेऊन द्या. तर म्हणाले, कॉफी झाली की देतो. माझ्यावर विश्वास आहे का तुमचा?”

“उद्या सांगते,” बाई म्हणाल्या. विश्वास होता. पण वरिष्ठांना तो पुरणार नव्हता. तिला सोडवायचं तर खरा मारेकरी हवा होता.

सोमवारी सकाळी त्या पहिल्या मजल्यावर गेल्या. डॉक्टर हायलर वाळवलेल्या रोपांना चिकटपट्ट्या लावत होते.

“एका हातानं पोछा पिळता येतो का हो?” बाईंनी बसत विचारलं.

“काय?”

“कवीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. दोनला जिना घाण होता, सातला चकचकीत. कोणी पुसला?”

“पुतणीनं.”

“तिनं आपल्या पावलांचे ठसे पुसले असतील, असं घटकाभर धरू. पण पाटी? हांबुर्गच्या त्या मुलीला ती दवाखान्याची वाटली. चोर, मारेकरी, कोणीही परका जिना पुसेल आणि पळेल. काम संपल्यावर पाटी काढून क्रमानं पुढच्या दारावर टांगायची, हे ज्याचा हात तीस वर्षं करतोय तोच करणार. असे तिघंच. एक मेलेला, दुसरी बहिणीकडे केक कापत होती, सहा जणींच्या देखत. आणि पुढचं दार तुमचंच! खून करून आलात, डॉक्टर, आणि पुढच्या आठवड्याची झाडलोट इमानानं स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलीत.”

हायलरांनी चिकटपट्टी खाली ठेवली.

“बाटली माझ्यासाठी होती,” ते पुन्हा म्हणाले.

“नव्हती. तुमच्या जिवावर उठलेल्या माणसानंसुद्धा नावाआधी डॉक्टर लिहिलं असतं, आपल्याकडे तेवढी रीत आहे. ज्याला ब्रोडबेकबाईंचा नियम पाठ होता, त्यानं ते मुद्दाम गाळलं. बाटली सरळ वर गेली. आता तुम्ही सांगता, की मी सांगू?”

त्यांनी समोरचं रोप बाजूला सारलं. मग बोलले ते एकदम.

“अनेलोरेनं, जिच्यावर माझं प्रेम होतं तिनं, मला पत्रं लिहिली होती. पूर्वेकडून, बर्लिनची भिंत झाल्यावर. मला एकही मिळालं नाही. मला वाटलं, विसरली. मी लग्न केलं नाही, बाई. आणि गेल्या महिन्यात या नालायकाला पुरस्कार मिळाला, मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायला! त्यानं कविता वाचली. पत्रात घालून पाठवलेलं घंटीफूल, कुठल्या कड्यावरचं, कोणत्या दिवशी तोडलेलं. ते आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. माझी पत्रं याला मिळाली, यानं माझ्या नावानं उत्तरं दिली, वर्षभर खेळवलं, पुस्तक भरल्यावर ‘पुन्हा लिहू नकोस’ म्हणून कळवलं. शेवटच्या कवितेत ती नदीत जीव देते. माझं नाव घेत मेली ती. मला पश्चात्ताप नाही.”

“तिला डॉक्टर हायलर माहीतच नव्हते,” श्टाइम्लेबाई म्हणाल्या. “भिंत आधी झाली, पदवी नंतर. म्हणून पत्रं वर गेली. शनिवारी परत कशाला आलात?”

“तिची पत्रं न्यायला. खण फोडून काढली. चिखलाचे बूट होते, म्हणून जिना पुसला. पाटी टांगलेली मला आठवतसुद्धा नाही.”

“एक पत्र राहिलं.”

बाईंनी पर्स उघडली. इथे दुसरी एखादी बाई थांबली असती. पण रात्रभर कोठडीत रडलेली मुलगी त्यांच्या डोळ्यांपुढे होती, आणि या माणसानं तिच्याबद्दल एका शब्दानंही विचारलं नव्हतं. त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं.

“एकार्ट, पुरस्काराच्या बातमीत एकार्ट हायलरचा फोटो पाहिला. तो चेहरा तुझा नाही. मग मला उत्तरं कोण देत होतं? अठ्ठावीस वर्षं मी तुझा राग धरला, तो चुकीच्या माणसावर होता. येत्या शनिवारी, वीस ऑक्टोबरला, मी श्टुटगार्टला येते. गाडी चार वाजून दहा मिनिटांनी पोचते. तुला हे मिळालं तर फलाटावर ये. तुझी अनेलोरे.”

हायलर उठून उभे राहिले. टेबलावरची रोपं खाली सांडली.

“ती... पण कवितेत...”

“कवितेत मारली हो त्यानं. ग्योर्लिट्झला ती जिवंत आहे. काल रात्री मी फोन केला होता. आठ वाजेपर्यंत फलाटावर थांबली, आणि परत गेली.”

“चार दहा,” ते पुटपुटले.

“चार दहाला तुम्ही इथे गुडघ्यांवर बसून कोपरे पुसत होतात. तुमची साक्ष खरी असती ना, डॉक्टर, तुम्ही खरंच शनिवारी श्टुटगार्टला असतात, तर भटकता भटकता भेटलीही असती.”

बाहेर शिपाई थांबला होता. हायलर कोट न घेताच निघाले. दाराशी पोचल्यावर त्यांचा हात उठला, पाटी खिळ्यावर वाकडी झाली होती ती त्यांनी सरळ केली, आणि मग हातात बेड्या घालून घेतल्या.

जिन्याच्या तळाशी ब्रोडबेकबाई उभ्या होत्या.

“तिनं तुम्हाला काही विचारलं का?” हायलरांनी मागे वळून श्टाइम्लेबाईंना विचारलं. “माझ्याबद्दल?”

“विचारलं. तुमचा पत्ता नीट लिहायचा कसा, ते.”

“मग काय सांगितलंत?”

“तुरुंगाचा दिला,” बाई म्हणाल्या. “तिथे डॉक्टर लिहायची गरज नसते.”