उजळलेला सुळा

खिडक्यांच्या झडपा बंद झाल्या तशी मुलं आपोआप गप्प झाली.

बाहेर सकाळचे अकरा वाजले होते. आत, दंतमहाविद्यालयाच्या संग्रहालयात, मिट्ट काळोख. दात कोरायचं पायाने फिरवायचं जुनं यंत्र, लोखंडी चिमटे, रबराच्या काळपट कवळ्या, सगळं त्यात बुडून गेलं.

“आता हा जांभळा दिवा,” दातआजी म्हणाल्या. “याच्या उजेडात खरे दात फिकट निळे दिसतात. भूत नाही, शास्त्र आहे. घाबरायचं असेल तर घाबरा, पण शेजाऱ्याला चावू नका.”

मुलं खुदखुदली. दातआजी याच महाविद्यालयात शिकल्या, इथेच शिकवून निवृत्त झाल्या, आणि आता शाळांच्या सहलींना संग्रहालय दाखवत. दिवा आजच पहिल्यांदा आणला होता.

त्यांनी तो कवट्यांच्या कपाटावर धरला. काचेमागे निळसर जबडे एकेक करून उमटले.

“आजी,” पुढची मुलगी हळूच म्हणाली, “या आजोबांचा एकच दात जागा आहे.”

मधल्या कवटीच्या वरच्या डाव्या सुळ्यावर, हिरडी असते तिथे, पांढरीशुभ्र चंद्रकोर उजळली होती. बाकीच्या दातांपेक्षा कितीतरी लख्ख.

दातआजींनी दिवा विझवला. पुन्हा लावला. चंद्रकोर तिथेच होती.

“ताई, झडपा उघड गं,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता.

ताई म्हणजे संग्रहालय सांभाळणारी. गेली अकरा वर्षं रोज सकाळी मऊ कुंचल्याने ती या कवट्या पुसत होती. उजेड आत आला आणि चंद्रकोर नाहीशी झाली. सुळा चारचौघांसारखा पिवळट दिसू लागला.

कवटीखाली चिठ्ठी होती: ‘अडीचशे वर्षांपूर्वीची कवटी. त्या काळी उपचार नव्हते. दाढा किडून पडत.’ अक्षर थोरल्या सरांचं. सर महाविद्यालयाचे जुने प्रमुख. संग्रहालय त्यांनीच उभं केलं. अजूनही ते रोज नऊ वाजता येत आणि या कपाटासमोरच्या बाकावर तासभर बसत.

मुलं गेल्यावर दातआजींनी कवटी बाहेर काढून घेतली. खालच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा नव्हत्या. त्यांच्या खाचांवरून त्यांनी बोट फिरवलं. कडा धारदार होत्या. माणूस जिवंत असताना दाढ पडली, तर हाड हळूहळू ती खाच भरून काढतं. इथे काहीच भरलं नव्हतं.

मग त्यांनी दात तपासायची बारीक सळई सुळ्यावरून ओढली. हिरडीच्या कडेला, डाव्या कोपऱ्यात, ती खट्कन अडकली.

दातआजी खुर्चीत बसल्या. हा कोपरा त्यांच्या ओळखीचा होता.

“काय झालं, मॅडम?” ताईने विचारलं.

“काही नाही. तुझ्या आईचं कसं आहे?”

“तसंच. अजून दाराला कडी लावू देत नाही. म्हणते, बाबा आले तर परत जातील. छत्तीस वर्षं झाली. लोक सोनेचोराची बायको म्हणतात, आणि ही दार उघडं ठेवते. एकदा कळलं असतं ना, मेले की आहेत, तरी पुरे होतं.”

ताईचे वडील इथल्या प्रयोगशाळेत साचे घेत, कवळ्या आणि दातांवर बसवायच्या सोन्याच्या टोप्या घडवत. विद्यार्थी त्यांना साचेवाले काका म्हणत. एका शनिवारी ते घरी गेलेच नाहीत. सोमवारी टोप्यांचं सोनंही कपाटात नव्हतं. काका सोनं घेऊन पळाले, असं सरांनी पोलिसांना सांगितलं. ताई तेव्हा आठ वर्षांची होती.

दातआजींनी कवटी स्वच्छ कापडात गुंडाळली आणि काखेत धरून चावीमामांच्या खोलीकडे गेल्या. मामांकडे चाळीस वर्षं सगळ्या कपाटांच्या किल्ल्या होत्या.

“मामा, मधली कवटी कधी आली?”

“नव्या इमारतीचा पाया खणायचा होता ना, त्याच्या आधी आठवडाभर. काका गेल्यावर दोनेक वर्षांनी. सरांनी स्वतःच खोक्यातून आणली. मी कपाटात ठेवली.”

“पाया कुठे खणला?”

“प्रयोगशाळेच्या मागे. का हो?”

“काका गेले त्या आठवड्यात काय काय झालं?”

“मंगळवारी तुमची परीक्षा. तुमचा पेशंट आलाच नाही. तुम्ही जिन्यात रडत बसला होतात.”

“ते सोडा हो.”

“सोडू कसं? मीच तर काकांना ओढून आणलं, तुमच्या खुर्चीत बसवलं आणि दिवा धरला. सुळा होता ना? पांढरं सिमेंट, नवंच आलेलं. तुमचा हात असा कापत होता...”

“आणि सर?”

“सर कुठले? ते परगावच्या कॉलेजात परीक्षक. गुरुवारी परतले. शुक्रवारी एक बाई भांडायला आल्या, सोन्याची टोपी हिरवी पडली म्हणून. काका दिवसभर ती टोपी हातात घेऊन बसले होते. एक घास खाल्ला नाही. शनिवारी संध्याकाळी सरांच्या खोलीत गेले. तेवढंच मला माहीत.”

“पोलिसांना हे सांगितलंत?”

“कुणी विचारलंच नाही, बाई.”

“मग आता एक काम करा. काकांचा जुना केसपेपर शोधा.”

केसपेपर दुपारी सापडला, कडा वाळवीने खाल्लेला. त्यावर दोनच नोंदी होत्या: खालच्या उजव्या दोन दाढा, चांदी भरली. सुळ्याचं नावही नव्हतं. परीक्षेतलं काम केसपेपरवर चढत नसे. ते फक्त विद्यार्थ्याच्या वहीत राही.

ती वही दातआजींच्या घरी, ट्रंकेत होती. संध्याकाळी ती घेऊन त्या इन्स्पेक्टरला भेटल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता थोरले सर आले, काठी टेकवून बाकावर बसले. कवटी कपाटात जागेवर होती. शेजारी साध्या कपड्यांतले एक गृहस्थ चिमटे बघत उभे होते. ताई आणि चावीमामा दारात होते.

“सर, साचेवाले काका आठवतात?” दातआजींनी विचारलं.

“सोनं नेलं त्याने. कसा विसरेन?”

“त्यांच्या दातांवर उपचार कुणी केले होते?”

“मीच. दोन दाढांत चांदी भरली होती.”

“आणखी काही?”

“नाही. बाकी तोंड स्वच्छ होतं.”

“नक्की?”

“अगं, नक्की म्हणजे! एकेक दात तपासलाय मी.”

“कधी तपासलात, सर?”

सरांनी कपाटाकडे पाहिलं.

“ताई, झडपा लाव,” दातआजी म्हणाल्या.

काळोख झाला. जांभळा दिवा लागला. काचेमागे सुळ्यावरची चंद्रकोर उजळली.

“हे सिमेंट मी भरलंय, सर,” काळोखात दातआजी शांतपणे सांगू लागल्या, वर्गात सांगत तशाच. “परीक्षेत. डाव्या कोपऱ्यात ते जाड राहिलं. सळई अडकते म्हणून माझे दोन गुण कापले होते. वहीत परीक्षकांचा शेरा आहे, काकांचं नाव आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोंडात माझी चूक कशी गेली?”

“कुणीही ठेवली असेल ती कवटी,” सर म्हणाले. “किल्ल्या मामाकडे असतात.”

“मीही आधी तेच धरून चालले. पण कवटी ओळखू येऊ नये म्हणून कुणीतरी तिचे उपचार केलेले दात काढून टाकले. दोन काढले, तिसरा राहिला. मामांनी तर त्या परीक्षेत स्वतः दिवा धरला होता. त्यांनी सुळा आधी काढला असता. ज्याला केसपेपर पाठ होता पण सुळ्याचं माहीत नव्हतं, जो परीक्षेच्या दिवशी गावातच नव्हता, असा एकच माणूस. सिमेंटचा रंग दाताशी असा जुळला होता की ते तुमच्या नजरेलाही दिसलं नाही.”

साध्या कपड्यांतले ते गृहस्थ, इन्स्पेक्टर, पुढे आले. “सोनं हिरवं पडत नाही, सर. टोप्या पितळेच्या होत्या; सोनं तुम्ही लाटत होतात आणि काकांना सोनं म्हणून पितळ देत होतात. काकांनी तुम्हाला जाब विचारला.”



“तो सोमवारी सगळ्यांना सांगणार होता,” सर म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. “मी ढकललं. मागे जिना होता. मारायचं नव्हतं मला.”

“आणि प्रयोगशाळेमागे पुरलंत,” दातआजी म्हणाल्या. “पाया खणायची वेळ आली तेव्हा घाईने बाहेर काढलंत. बाकीची हाडं शरीरशास्त्राच्या पेट्यांत मिसळली. पण कवटीला दात असतात, आणि इथला प्रत्येक जण दात ओळखतो. म्हणून तिच्याखाली चिठ्ठी लावून ती काचेमागे, नजरेसमोर ठेवलीत. आम्हाला वाटायचं, सर जुन्या आठवणींसाठी येऊन बसतात. तुम्ही पहाऱ्याला बसत होतात.”

“तो बघायचा माझ्याकडे,” सर म्हणाले. “रोज.”

झडपा उघडल्या तेव्हा ताई कपाटापाशी उभी होती. कुंचला तिच्या हातातच होता.

“अकरा वर्षं,” ती म्हणाली. “अकरा वर्षं मी बाबांचं तोंड पुसत होते.”

दातआजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. इन्स्पेक्टर सरांना घेऊन गेले. काठी बाकाशीच राहिली.

संध्याकाळी दातआजी ताईबरोबर तिच्या घरी गेल्या. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. ताईने तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. आईने मध्ये एकच प्रश्न विचारला.

“म्हणजे सोनं त्यांनी घेतलं नव्हतं?”

“नाही, आई.”

“मला माहीत होतं,” आई म्हणाली.

मग ती पलंगाची कड धरून उठली. ताई हात द्यायला गेली, तिने नको म्हटलं. भिंतीच्या आधाराने दारापर्यंत गेली, दार लोटलं, आणि छत्तीस वर्षांनी त्याला आतून कडी घातली.