दाराआडचा माझा आवाज

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरच्या गेममधलं या म्हातारीला काय कळतंय! खरंय, मला तर अक्षरओळखही नाही. पण त्या गेममध्ये आवाज माझा आहे, आणि माझ्या तोंडून काय निघालं, काय नाही, एवढं मला पक्कं आठवतं.

गेम केला माझ्या नातीनं. ती आणि तिची मैत्रीण, दोघीच. नात डोकं चालवायची, मैत्रीण चित्रं काढायची. आम्ही तिला चित्रवालीच म्हणायचो. मागच्या खोलीत पडदे ओढून दोघी दिवसदिवस बसायच्या. एका दुपारी नातीनं मला कपाटात बसवलं. हो, कपाटात! रस्त्याचा गोंगाट नको म्हणून चहूकडे पांघरुणं लावली आणि म्हणाली, "आजी, मी सांगते तसं म्हण."

मी म्हटलं, "एवढी कोंडतेयस, तर निदान भूत तरी झकास कर माझं."

भूत नव्हतंच ते. गेममधला माणूस फार वर्षांनी घरी येतो. घर रिकामं, आणि एका बंद दाराआड म्हातारी. ते दार शेवटपर्यंत उघडत नाही. म्हातारी फक्त म्हणते, "आलास का रे? बस. दमला असशील." एवढंच. कधी अगदी कानाशी, कधी लांब कुठून तरी. माझाच आवाज, पण ऐकून माझ्याच अंगावर काटा आला.

गेम विकायला निघायच्या आधीच त्याच्या चोरीच्या कॉप्या फुकट फिरू लागल्या. नात हबकली. कॉपी होती फक्त दोघींकडे. मग चोर दुसरं कोण असणार? तिनं चित्रवालीला फोनवर नको नको ते सुनावलं. त्या दिवसापासून त्या पोरीच्या चपला आमच्या दारात दिसल्या नाहीत.

मग एक आवई उठली. चोरीच्या कॉपीतली म्हातारी वेगळंच बोलते म्हणे. विचारते, "कुणाचं घेऊन आलास रे?" आणि ऐकणाऱ्याला भीती नाही वाटत, लाज वाटते. लोक लिहायचे, नात मला वाचून दाखवायची. एकानं लिहिलं होतं, मी कॉम्प्युटरकडे पाठ करून बसलो. दुसऱ्यानं लिहिलं, शाळेत असताना मित्राचं पेन उचललं होतं, कुणाला कधी सांगितलं नाही, तर म्हातारीनं त्या पेनाचा रंग सांगितला.

"वावड्या आहेत, आजी," नात म्हणायची. "असलं वाक्य मी घातलेलंच नाही."

तिचा धाकटा भाऊ मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. घरात त्याला आम्ही गुंड्या म्हणतो. एका दुपारी नात बाहेर गेली होती, तेव्हा तो माझ्या खुर्चीपाशी येऊन बसला आणि माझ्या कानात वायर घातली.

"आजी... हे कधी बोललीस तू?"

मी ऐकलं. आधी दाराआडचा श्वास. मग माझा आवाज, "कुणाचं घेऊन आलास रे... गुंड्या?"

'आलास'मधल्या 'स'ला बारीकशी शिट्टी वाजत होती. आता ऐका. माझा पुढचा दात पडला, तो कपाटात बसले त्याच्या कितीतरी महिन्यांनंतर. तेव्हापासून 'स' म्हणताना माझी हवा निसटते. मग कपाटातल्या आवाजात ती शिट्टी आली कुठून?

"हे मी बोललेलं नाही," मी म्हटलं. "पण ती तुझंच नाव का घेते रे?"

त्यानं माझ्या मांडीत तोंड खुपसलं. "ताईच्या कॉम्प्युटरवरून गेम मीच नेला होता, आजी. दुकानात फुशारकी मारायला. कुणीतरी उचलला..."

"आणि बोलणी खाल्ली त्या पोरीनं?"

"रोज ठरवतो, आज सांगायचं. ताईचं तोंड पाहिलं की जीभच उचलत नाही."

"मी सांगितलं तर ती चुगली होईल, बाळा. तू सांगितलंस तर ती पोर परत येईल."

नात आल्यावर त्यानं सांगितलं. पायाच्या अंगठ्याकडे बघत, पण सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "माझी एकच मैत्रीण होती रे." मग फोन लावला, स्पीकर चालू केला. "तूही ऐक. आणि तुझ्या तोंडानं माफी माग."

पहिल्याच रिंगला चित्रवालीनं फोन उचलला.

"अगं, माझं चुकलं," नात म्हणाली. "ती कॉपी तू..."

"माहितीये," चित्रवाली हळूच म्हणाली. "आत्ताच आजींचा फोन येऊन गेला."

"आजीचा? आजी इथं समोर बसलीय. तिला फोन लावता येत नाही."

"आजीच होत्या गं. म्हणाल्या, गुंड्यानं दुकानात नेला होता. आमचं तोंड काळं झालं म्हणाल्या. रडत होत्या... मी म्हटलं, रडू नका, मी येते संध्याकाळी. मग त्यांनी..."

"काय?"

"मला विचारलं... 'तिकडे बाहेर, माझ्या खुर्चीत कोण बसलंय गं?'"

दोघं भावंडं माझ्याकडे बघायला लागली. मी काहीही केलेलं नव्हतं. तरी चोरी पकडली गेल्यासारखी माझी मान खाली गेली.