आजोबांची पाहणी

आमच्या फाटकाशी एक उंच माणूस उभा होता आणि त्याच्या नाकावरचा चष्मा तिरका होता. मी जपानातल्या सबाए गावची, दिवसभर कारखान्यात चष्म्याच्या काड्या घासून पोट भरणारी. असं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. मी सरळ पुढे झाले, त्याचा चष्मा काढला, काडी जराशी वाकवली आणि परत त्याच्या नाकावर ठेवला.

"घ्या. आता जग सरळ दिसेल."

"आभारी आहे," तो म्हणाला. भुरभुर पावसाने त्याचे केस ओले झाले होते. "पण... आधी नाव तरी विचारायचंत."

"बरं, नाव काय?"

"ओरिता. नगरपालिकेतून आलोय. तुमच्या आजोबांची पाहणी करायला."

अगं बाई! मी तशीच आत पळाले.

म्हातारपणी कुणाला किती मदत लागते, ते असा माणूस येऊन पाहतो. त्यावरून दर्जा ठरतो, मदत जास्त लागेल तसा आकडा मोठा, आणि दर्जाप्रमाणे सरकारी विमा पैसे भरतो. आजोबांचा दर्जा दोन होता, म्हणून आठवड्यातले चार दिवस ते देखभाल केंद्रात जायचे आणि मी कारखान्यात. दर्जा घसरला तर दोनच दिवस मिळणार होते. वरच्या दिवसांचे पूर्ण पैसे माझ्या पगारात कसे बसणार? नोकरी सोडून घरी बसायचं, एवढंच मग हातात उरत होतं.

आणि आजोबा? दाढी घोटून, सूट चढवून ऐटीत बसले होते. सुटाची बटणं सकाळी मीच लावून दिली होती, मूर्खासारखी.

"एका पायावर उभं राहता येतं का, शिगेझोसान?" ओरितासानांनी विचारलं.

आजोबा बगळ्यासारखे उभे राहिले! एरवी न्हाणीघरापर्यंत माझा खांदा लागतो. तारीख विचारली, तर वारासकट सांगितली.

"आणि स्वयंपाक?"

"सगळा मीच करतो. ही नात आयतं गिळते."

"आजोबा!"

"गप गं, चिहारू. पाहुण्यांना काहीतरी गोड आण."

आमच्याकडची सगळी म्हातारी माणसं हेच करतात. सरकारी माणूस आला की अंगात बळ संचारतं. त्यांच्यासमोर ते खोडून काढायचं म्हणजे त्यांची अब्रूच काढायची. म्हणून सगळ्या घरांतून करतात तेच मी केलं. ओरितासान दारात बूट घालायला वाकले, तेव्हा घडी केलेली चिठ्ठी हळूच त्यांच्या हातात सरकवली. बोटांना बोटं लागली... त्यांनी वर पाहिलं, आणि मी उगाचच लाजले.

आजोबांनी नेमकं तेवढंच पाहिलं.

"काय लिहिलं होतंस गं?" जेवताना त्यांनी विचारलं.

आजोबा दोनदा पडले, गॅस तीनदा उघडा राहिला, बटणं मी लावते. हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? "काही नाही... असंच."

"असंच म्हणे!" आजोबा खूश. "पहिल्याच भेटीत चिठ्ठी! आजीवर गेलीस अगदी. पोरगा चांगला आहे. नीट जेवत नसावा, एवढंच."

मग मात्र त्यांनी वाटी बाजूला सारली. "म्हणजे तू जाशील," ते म्हणाले. मी त्यांना अजून थोडा भात वाढला.

सोमवारी घरी आले, तर ओरितासान आजोबांसमोर कागद घेऊन बसलेले. "मी खोटं बोललो, परत या," असा फोन आजोबांनी स्वतः केला होता. आज अंगात सूट नव्हता. सदरा उघडाच होता.

"लिहा," आजोबा म्हणाले. "बटणं लागत नाहीत. दोनदा पडलो. सोमवार की मंगळवार, तेही कळत नाही. त्या दिवशीची तारीख पाठ केली होती."

ओरितासान लिहीत होते.

"पोरगी माझ्यापायी अडकलीय, तेही लिहा. तुम्हालाच न्यायची आहे ना तिला? मग हात आखडू नका."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आणि डोळेही भरून आले. एवढा मानी माणूस, माझ्यासाठी सगळा मान गुंडाळून बसला होता. आता ओरितासान सांगणार, 'तुमचा गैरसमज झालाय,' म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हे मला लिहिता येणार नाही, आजोबा."

"का?"

"आपल्याच घरच्या माणसाची पाहणी आम्ही करायची नसते." त्यांचे कान लाल झाले होते. "उद्या आमच्या कचेरीतल्या हामागुचीबाई येतील. त्यांना हे सगळं असंच सांगा."

त्यानंतर महिनाभर ओरितासानांचा पत्ता नाही! एकदा पुलावर दिसले, तर लांबूनच मान लववून निघून गेले. असा राग आला मला... रोज संध्याकाळी फाटकाकडे बघायची, आणि स्वतःवरच चिडायची.

मग एके दिवशी निकालाचं पाकीट आलं. दर्जा तीन. चार दिवस टिकले होतेच, वर पाचवाही मिळाला. आणि त्याच संध्याकाळी ओरितासान दारात हजर. खांद्यावर बर्फ, हातात मिठाईचा डबा.

"महिनाभर कुठे होतात?" मी फणकारले.

"निकालाआधी आलो असतो, तर माझ्यामुळे दर्जा मिळाला, असं कुणीतरी म्हटलं असतं."

मी त्यांच्या खांद्यावरचा बर्फ झटकला. "ती चिठ्ठी... ते प्रेमपत्र नव्हतं हो."

"माहीत आहे. तीनदा वाचली. पडण्याचं होतं, गॅसचं होतं, बटणांचं होतं. माझ्याबद्दल एक शब्द नव्हता. फार वाईट वाटलं."

मला हसूच फुटलं. "मग दुसरी लिहून देऊ?"

"द्याल?"

"नाही. लिहायचं कशाला... आवडता तुम्ही मला. घ्या, तोंडीच सांगितलं."

ओरितासानांनी डबा खाली बर्फात ठेवला आणि माझा हात हातात घेतला.