चांदीचं जावळ

सोनबांधच्या तळ्याकाठी विशी-पंचविशीच्या बाया रुपेरी केसांच्या असत, आणि एखादीचा भांग काळा दिसू लागला की तिनं सांगायच्या आधीच गावाला कळे: हिला दिवस गेले.

फुलवंताचा भांग चार महिन्यांपासून काळा होता. अंगणात भाऊ दामाच्या मांडीवर तिची वर्षाची लेक झिंगी बसली होती, आणि वस्तऱ्याखाली चांदीच्या तारांसारखं जावळ गळत होतं. पोर हूं की चूं करत नव्हती. बाया कौतुकानं म्हणाल्या, गुणाची गं पोट्टी, तळ्याकाठची पोरं रडत म्हणून नाहीत.

ही चांदी डॉक्टर वसुमती निमजेंची. पूर्वी वीजघराच्या कोळशाच्या राखेतला पारा तळ्याच्या गाळात उतरला. गाळातून किड्यांत, किड्यांतून चिंगळ्या मासळीत, आणि चिंगळ्या खाऊन पोसलेल्या मरळीत तो साठत साठत गेला. बांधावर पाटी लागली: मरळ आठवड्याला दोनच तुकडे, गरोदर बायांनी तर शिवूही नये, पाऱ्यानं पोटातल्या बाळाचे कान आणि मेंदू अधू होतात. मासळीवर जगणाऱ्या ढिवरांच्या ताटातून मासळीच काढली तर उरतं काय? मग निमजेबाईंनी पारवाहे घडवले. पारवाहे म्हणजे पारा वाहून नेणारे जिवाणू. एकदा घोटभर औषधातून पोटात गेले की ते रक्तातला पारा उचलून केसांत नेऊन टाकत, आणि काम झाल्याचं दिसावं म्हणून केस रुपेरी करत. आठ वर्षांमागं पाटी काढली. मरळ पुन्हा घरोघरी शिजू लागली.

निमजेबाई आज जावळ न्यायला आल्या होत्या. कापलेली चांदी तळ्यात सोडायची नाही, डब्यात बंद करून पुरायची, असा नेम होता. बायांनी ओवी धरली:

काळा झाला भांग बाई, ओटी तळ्यानं भरली
चांदी मायेच्या वेणीची, बाळा माथ्यात उतरली

फुलवंतानं ही ओवी शंभरदा गायली होती. आज जावळ मुठीत होतं आणि वेणी खांद्यावरून पुढं आली होती. तिनं दोन्ही शेजारी धरली. भांगाशी दोन बोटं काळी, मग चार बोटं रुपेरी, मग साडेचार बोटं पुन्हा काळी, खाली टोकापर्यंत रुपेरी. केस महिन्याला अर्धं बोट वाढतो, हे बाईंनीच शिकवलेलं. मधली साडेचार बोटं म्हणजे झिंगी पोटात होती ते नऊ महिने.

तिनं बाईंना परसात नेऊन विचारलं, हे काळं कशानं?

बाई आत्मविश्वासानं म्हणाल्या की गरोदरपणी शरीर पारा घेतच नाही. शंभर बायांचं रक्त तपासलं, एकदम स्वच्छ निघालं.

"नऊ महिने मी रोज मरळ खाल्ली, बाई. सासूबाई माशाचं डोकंसुद्धा मलाच वाढत. तो पारा गेला कुठं?"

निमजेबाईंनी वेणीकडं पाहिलं. मग मुठीकडं. त्यातली एक बट घेऊन त्यांनी वेणीच्या काळ्या पट्ट्याशी धरली.

"आम्ही पारवाह्यांना एकच शिकवलं होतं. तुमच्या रक्तातला पारा जवळच्या दारानं बाहेर टाका. केसांपेक्षा पोट जवळ होतं."

"म्हणजे माझं लेकरू त्यांच्या लेखी बाहेरचं?"

"हो."

फुलवंता अंगणात आली. दामाच्या मागं उभं राहून तिनं पितळी परात दगडावर आपटली. बाया दचकल्या. सासूच्या हातची पळी पडली. झिंगी आपल्या पायाची बोटं बघत राहिली.

बाई मागून हळू आवाजात सांगत होत्या. मरळ आजपासून बंद. पारवाहे मारायचं औषध आहे, पण मग साचलेला पारा तुमच्याच रक्तात राहील. हाताची बोटं थरथरतील, जाळं विणणं कदाचित सुटेल. पोटातल्याला थोडा पारा तरीही जाईल, पण सगळा तिकडं ढकलला जाणार नाही.

"द्या," फुलवंता म्हणाली. "आणि ती पाटी कुठं टाकली होती, ते दामाला सांगा. आत्ताच ठोकू दे."

तिनं चुलीवरचं मरळीचं भांडं उतरवलं आणि ओवी थांबवायला हात वर केला. ओवी थांबली. पंगतीला आलेली गावची अकरा पोरं ओळीनं बसली होती, सगळी चांदीचं जावळ घेऊन जन्मलेली. तिनं परात उचलली आणि पुन्हा आपटली.

अकरांतल्या तीनच पोरांनी मान वळवली.